बाळंतिणीचे मनःस्वास्थ्य : पालघर जिल्ह्याच्या संदर्भात

पालघर जिल्ह्यात मूल जन्माला आले की त्याच्या वजनाची नोंद होते, लसीकरणाची नोंद होते आणि पुढे यथाकाल दंडाचा घेरही मोजला जातो. त्याच्या आईचे हिमोग्लोबिन, रक्तदाब आणि वजन यांनाही माता-बाल संरक्षण कार्डावर जागा आहे. हे रकाने सहजासहजी निर्माण झालेले नाहीत. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी साऱ्या महाराष्ट्राला हादरा बसला. त्यानंतर १९९५ ची नवसंजीवनी योजना आली. पुढे गरोदर मातेला प्रसूतीपूर्वी आरोग्य केंद्रातच मुक्काम करता यावा म्हणून ‘माहेरघर’ आले, आणि २०१५ च्या अखेरीस अनुसूचित क्षेत्रातील गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देणारी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू झाली. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा राज्याचा ३६ वा जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा यांपैकी बरीचशी यंत्रणा त्याला वारशानेच लाभली.

तथापि, या सर्व नोंदवह्यांत एका गोष्टीला क्वचितच जागा मिळते. बाळंतिणीला झोप लागते काय, तिचे मन थाऱ्यावर आहे काय, बाळाकडे पाहून तिला काय वाटते, हे प्रश्न विचारणे हे नेमके कोणाचे काम, याबद्दल गावपातळीवर स्पष्टता नाही. बाळ अशक्त का, याचा शोध घेताना आपण घरातील धान्य पाहतो, पाणी पाहतो, दोन मुलांतील अंतर पाहतो. आईच्या मनापर्यंत मात्र आपली चौकशी सहसा पोहोचत नाही. वस्तुतः कुपोषणाचा प्रश्न ज्या जिल्ह्याला इतकी वर्षे भेडसावतो आहे, तेथे तर ही चौकशी आधी व्हावयास हवी. तसे का, हे पुढे येईलच.

तीन निरनिराळ्या अवस्था

प्रथम या विकारांचे स्वरूप समजून घेणे इष्ट ठरेल, कारण लोकव्यवहारात त्यांची सरमिसळ होते.

प्रसूतीनंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास निम्म्याहून अधिक बाळंतिणींना उगाच रडू येते, चिडचिड होते, मन हळवे होते. गरोदरपणी वाढलेली संप्रेरके प्रसूतीनंतर एकदम उतरतात, त्यात जागरण आणि थकवा यांची भर पडते. हा आजार नव्हे. दहा-पंधरा दिवसांत तो आपोआप ओसरतो. घरच्यांचा धीर आणि थोडी झोप एवढेच त्याचे औषध.

दुसरी अवस्था नैराश्याची. रडू, उदासी किंवा कशातच मन न लागणे हे दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकले, भूक आणि झोप उडाली, बाळ झोपले असतानाही आईला झोप येईना, ‘मी चांगली आई नाही’ अशी टोचणी सुरू झाली, की त्याला आजारच म्हणावे लागते. तो गरोदरपणातही होतो. किंबहुना पुष्कळदा त्याची सुरुवात तेव्हाच झालेली असते. मात्र आपल्याकडील स्त्री ‘मी निराश आहे’ असे सांगत नाही. ती सांगते कंबर दुखते, डोके जड होते, जीव घाबरा होतो, हातापायांतील बळ गेले. परिणामी तिला लोहाच्या आणि वेदनाशामक गोळ्या मिळतात. रक्तक्षय वा थायरॉईडचा विकार यांमुळेही असाच थकवा येतो, म्हणून त्या तपासण्या आवश्यकच आहेत; परंतु तपासणी निर्दोष आली म्हणजे तक्रार खोटी ठरली, असे नाही.

तिसरी अवस्था हजारात एक-दोन बाळंतिणींच्या वाट्याला येते, पण ती अत्यंत गंभीर आहे. प्रसूतीनंतर बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच स्त्री असंबद्ध बोलू लागते, तिला भास होतात, झोप पूर्णपणे उडते, बाळाविषयी विपरीत कल्पना मनात घर करतात. डॉक्टर याला सायकोसिस म्हणतात. खेड्यात याला ‘बाहेरचे लागले’ असे म्हटले जाते आणि भगताला बोलावणे जाते. येथे एक तास वाया घालवणेही धोक्याचे असते. माता आणि बाळ या दोघांच्याही जिवाला अपाय संभवतो, म्हणून तिला एकटीला न सोडता तातडीने रुग्णालयात न्यावे. भगताकडे जाणाऱ्या कुटुंबाला हिणवून काही साधत नाही. उलट, ‘बाळंतिणीला रात्रभर झोप नाही आणि ती भलतेच बोलते’ असे दिसताच तिला दवाखान्यात पाठवा, हे भगताला आणि गावच्या सुईणीला आधीच समजावून सांगणाऱ्या आरोग्य सेविकेचे काम पुढे सोपे होते.

गोव्यात काय आढळले

या विषयावरील एक महत्त्वाचा अभ्यास आपल्या शेजारीच, गोव्यात झाला आहे. १९९६ साली तेथे स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेशी संबंधित डॉ. विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसूझा यांनी एका जिल्हा रुग्णालयात गरोदरपणाच्या अखेरच्या तिमाहीत आलेल्या २७० स्त्रियांची नोंद केली आणि प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत त्यांची विचारपूस केली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी भेटलेल्या २५२ मातांपैकी ५९ म्हणजे २३ टक्के मातांना नैराश्य होते. त्यांतील ७८ टक्के स्त्रियांचे मन गरोदरपणातच अस्वस्थ होते, आणि निम्म्याहून अधिक माता सहा महिन्यांनंतरही आजारीच होत्या. याचा अर्थ असा की हा आजार आपोआप बरा होईल म्हणून वाट पाहणे अनेकींच्या बाबतीत फोल ठरते. आणि तो ओळखण्याची पहिली संधी प्रसूतीच्या आधीच येऊन गेलेली असते.

कारणांचा शोध घेता जे हाती आले, ते वाचताना आपलाच कोणी पाडा डोळ्यांपुढे उभा राहावा असे आहे. दारिद्र्य, नवऱ्याशी बिघडलेले संबंध, मारहाण आणि उपासमार. शिवाय मुलगी झाल्यास धोका वाढतो, आणि मारहाण व उपासमार यांचा परिणामही बाळ मुलगा की मुलगी यावर अवलंबून कमी-अधिक होतो, असे या अभ्यासात दिसले. ‘मुलगी झाली’ हे वाक्य प्रसूतिकक्षाबाहेर ज्या स्वरात उच्चारले जाते, तो स्वर आत निजलेल्या आईला ऐकू जातो, एवढे तरी आपण लक्षात ठेवावे.

याच संशोधकांनी पुढे बाळांचीही मापे घेतली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत, सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास नैराश्य असलेल्या मातांची ३० टक्के बाळे सहाव्या महिन्यात वजनाच्या सर्वांत खालच्या गटात मोडली. नैराश्य नसलेल्या मातांच्या बाळांत हेच प्रमाण १२ टक्के होते. उंचीच्या बाबतीतही असाच फरक दिसला. याचे कारण गूढ नाही. सहा महिन्यांपर्यंत बाळाचे सारे पोषण आईच्या हातून होते. बाळाची भूक ओळखणे, रात्री उठून पाजणे, जुलाब लागल्यावर क्षारसंजीवनी चमच्याचमच्याने देत बसणे, लसीच्या दिवसाची आठवण ठेवणे, यांतील प्रत्येक गोष्टीला उमेद लागते आणि नैराश्य नेमकी ती उमेदच हिरावून घेते. आपण पाकीट आहाराचे देतो. ते भरवणारा हात मात्र गळून गेलेला असतो. पालघरमध्ये मातेच्या मनाचा विचार कुपोषणाआधी का हवा, ते येथे स्पष्ट व्हावे.

एकाच जिल्ह्यातील दोन एकाकीपणे

पालघर जिल्ह्यातील आठ तालुक्यांत सागर, नागर आणि डोंगर अशी तिन्ही प्रकारची वस्ती आहे. साहजिकच बाळंतिणीच्या अडचणीही निरनिराळ्या आहेत. त्यांतील दोहोंचा येथे विचार करू.

बोईसर-तारापूर परिसराचे रूप गेल्या अर्धशतकात पालटले. १९६९ साली तारापूरचे अणुविद्युत केंद्र कार्यान्वित झाले. पुढे औद्योगिक वसाहतीत रसायने, औषधे, कापड आणि पोलाद यांचे कारखाने उभे राहिले. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा आणि आपल्याच राज्यातील दुष्काळी भागांतून कामगार आले व चाळींतील एकेका खोलीत संसार थाटले गेले. येथील तरुण बाळंतिणीला दवाखाना जवळ आहे, रस्ता आहे, २०१३ पासून डहाणूपर्यंत धावणारी उपनगरी गाडी आहे. नाही ते माहेर. आपल्या समाजाने बाळंतपणासाठी जी व्यवस्था शतकानुशतके जपली, म्हणजे पहिलटकरणीने माहेरी जाणे, सव्वा महिना शेकशेगडी, तेल लावणारी बाई, पाचवी, बारसे, ती वरवर चालीरीतींची वाटली तरी तिच्यातून बाळंतिणीला विश्रांती आणि सोबत मिळत असे. अर्थात या व्यवस्थेचे गुणगान करताना तिच्यातील उणिवाही विसरून चालणार नाही. माहेर गरीब असेल तर तेच ओझे होते, आणि शेगडीच्या धुराने कोंदलेली खोली कोणाचेच भले करीत नाही. तरीही, नवरा रात्रपाळीला, शेजारीण वेगळी भाषा बोलणारी आणि दहा बाय दहाच्या खोलीत दिवसभर रडणारे बाळ, या स्थितीत सापडलेल्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला त्या जुन्या व्यवस्थेतील निदान माणसे तरी हवी असतात. तिला विचारावयाचे तर हिंदीत किंवा भोजपुरीत विचारावे लागेल, ही साधी गोष्टही आपल्या छापील मराठी पत्रकांत बसत नाही.

मोखाडा, जव्हार, विक्रमगड या डोंगराळ तालुक्यांतील प्रश्न याच्या उलट आहे. तेथे पाड्यावर नात्याची माणसे आहेत, पण स्त्रीच पाड्यावर राहत नाही. भाताची कापणी आटोपली की वारली, कातकरी, कोकणा कुटुंबे ‘जगायला’ बाहेर पडतात. वीटभट्ट्या, रेतीची कामे, इमारतींची बांधकामे हा त्यांचा पावसाळ्यापर्यंतचा मुक्काम. स्थलांतरास स्थानिक बोलीत ‘जगायला जाणे’ म्हणतात, यातच सारे आले. पाचव्या महिन्यात गावच्या अंगणवाडीत नोंदलेली गरोदर स्त्री सातव्या महिन्यात भिवंडी किंवा वसईच्या भट्टीवर असते. तेथील आशा तिला ओळखत नाही आणि गावच्या आशेला ती सापडत नाही. स्थलांतरित माता-बालकांचा मागोवा घेणारी प्रणाली महिला व बाल विकास विभागाने विकसित केली आहे. ती आहाराचा आणि लसीचा हिशेब पुढील अंगणवाडीकडे पोहोचवू शकते. गरोदरपणात एखादी स्त्री अबोल झाली होती, हे मात्र तिला पाहणाऱ्या सेविकेने पुढच्या सेविकेला दूरध्वनी करूनच सांगावे लागेल.

मानसिक आजाराच्या तज्ज्ञ उपचारांसाठी या भागाचा आधार म्हणजे ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय. ते १९०१ सालापासूनचे जुने रुग्णालय आहे. परंतु मोखाड्याहून तेथवरचे अंतर शंभर किलोमीटरहून अधिक भरते. तान्हे मूल घेऊन, दिवसाची मजुरी बुडवून इतका प्रवास एखादी स्त्री आपणहून करील, ही अपेक्षा व्यर्थ होय. म्हणूनच उपचाराची पहिली पायरी गावातच असावी लागते.

तज्ज्ञांवाचून होणारे उपचार

अशी पायरी बांधता येते, हे सिद्ध झालेले आहे. लिव्हरपूल विद्यापीठातील डॉ. अतीफ रहमान यांनी पाकिस्तानातील रावळपिंडीजवळच्या ग्रामीण भागात एक प्रयोग केला. आपल्या आशा कार्यकर्तीसारखीच तेथे ‘लेडी हेल्थ वर्कर’ असते. तिला थोडे प्रशिक्षण देऊन, नैराश्य असलेल्या गरोदर स्त्रियांच्या घरी नेहमीच्या भेटींतच संवाद साधावयास सांगितले. २००८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रसूतीनंतर सहा महिन्यांनी, असा संवाद लाभलेल्या मातांपैकी २३ टक्के आजारी राहिल्या होत्या. तो न लाभलेल्यांत हे प्रमाण ५३ टक्के होते. या पद्धतीची पुस्तिका जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सर्व देशांसाठी प्रकाशित केली.

या पद्धतीतील एक युक्ती आपल्या कार्यकर्त्यांनी जरूर उचलावी. तिच्यात ‘मनोविकार’ हा शब्दच उच्चारला जात नाही. बाळाची वाढ चांगली व्हावी, या सासूलाही मान्य असलेल्या हेतूने बोलणे सुरू होते आणि मग तीन गोष्टींकडे वळते : आईची स्वतःची प्रकृती, तिचे बाळाशी नाते आणि आजूबाजूच्या माणसांशी तिचे संबंध. चित्रे दाखवून, मनात वारंवार येणारा निराश विचार ओळखावयास आणि त्याच्या जागी एखादी छोटी, करता येईल अशी कृती योजावयास शिकवले जाते. दुपारी अर्धा तास बाळाला सासूने घेणे आणि सुनेने झोपणे, हीदेखील अशीच एक कृती.

गोव्यात हेच काम पुढे आरोग्य कर्मचाऱ्यांऐवजी त्याच वस्तीतील साध्या, स्वतः मुले वाढवलेल्या स्त्रियांकडे सोपवण्यात आले. त्यांना ‘सखी’ म्हणत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत २८० गरोदर स्त्रिया सहभागी होत्या. सखीची सोबत मिळालेल्यांत बऱ्या झालेल्या मातांचे प्रमाण अधिक आढळले. फरक रावळपिंडीइतका मोठा नव्हता, हे सांगितले पाहिजे. पण खर्चही अल्प होता.

आहे त्याच भेटीत

आपल्या राज्यात यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची आवश्यकता नाही. नवजात बालकाच्या काळजीसाठी आशा कार्यकर्ती घरोघर जाते, ही कल्पना मुळात महाराष्ट्राचीच, गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ती यशस्वी करून दाखवली आणि २०११ पासून ती देशभर लागू झाली. रुग्णालयात प्रसूती झालेल्या मातेच्या घरी आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. म्हणजे नैराश्य ज्या काळात दिसू लागते, नेमक्या त्या काळात एक ओळखीची स्त्री सहा वेळा दारात येते. यापुढेही तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत तिच्या पाच भेटी ठरलेल्या आहेत.

या भेटींत विचारावयाचे प्रश्न दोनच आहेत. गेल्या महिन्याभरात मन उदास, निराश वाटत होते काय? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत मन लागेनासे झाले आहे काय? या दोहोंपैकी एकाचेही उत्तर ‘होय’ आले तर पुढील चौकशीसाठी आरोग्य सेविका व समुदाय आरोग्य अधिकारी आहेत. एडिंबरो येथे १९८७ साली तयार झालेली दहा प्रश्नांची प्रश्नावली या कामी जगभर वापरली जाते. येथे एक विसंगती नमूद करावीशी वाटते. याच आशयाचे दोन प्रश्न आशा कार्यकर्ती भरते त्या असंसर्गजन्य रोगांच्या अर्जात पूर्वीपासून आहेत. परंतु तो अर्ज तीस वर्षांवरील व्यक्तींसाठी आहे. आपल्या खेड्यांतील बहुसंख्य बाळंतिणी त्या वयाच्या आतल्या. प्रश्न तयार आहेत, विचारणारी तयार आहे. केवळ वयाच्या अटीमुळे ते योग्य दारी पोहोचत नाहीत.

‘जगणे नकोसे वाटते काय?’ असे विचारल्याने तो विचार मनात भरवला जातो, हा समज निराधार आहे. विचारल्याने स्त्रीला बोलण्याची वाट मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ पासून गरोदरपणी किंवा प्रसूतीनंतर ४२ दिवसांत झालेली आत्महत्या थेट मातामृत्यूतच धरावी, असे सांगितले आहे. मातामृत्यूचे अन्वेषण करणाऱ्या समित्यांनी विहिरीत सापडलेली किंवा भाजलेली बाळंतीण ‘अपघात’ या सदरात टाकण्यापूर्वी हे ध्यानी घ्यावे. ब्रिटनमधील अनुभव असा की हा धोका सहा आठवड्यांनंतरच्या महिन्यांत अधिक असतो, म्हणजे आपल्या नोंदी मिटल्यानंतर.

आणखी एक जागा सहज उपलब्ध आहे. जव्हारसारख्या ठिकाणच्या पोषण पुनर्वसन केंद्रात तीव्र कुपोषित बालकासोबत त्याची आई साधारण चौदा दिवस राहते. बुडालेल्या मजुरीची भरपाईही तिला मिळते. बाळाचे वजन रोज होते. त्या चौदा दिवसांत एकदा तरी कोणी परिचारिकेने आईजवळ निवांत बसावे, इतकेच करावयाचे आहे. मूल दगावलेल्या घराची गोष्ट तर याहून कठीण. तोलण्यासाठी बाळच उरले नाही की भेटींचे कारणही संपल्यासारखे वाटते. आणि अंगावर दूध दाटलेली ती माता त्या वेळी सर्वाधिक एकटी असते. तिच्या घरच्या भेटी थांबू नयेत, याकडे वैद्यकीय अधिकाऱ्यांनी स्वतः लक्ष पुरवावे.

औषधोपचाराविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. स्तनपान चालू असतानाही घेता येतील अशी नैराश्यावरील औषधे आहेत आणि डॉक्टर ती निवडून देतात. व्हॅल्प्रोएटसारखी काही औषधे मात्र गरोदरपणात गर्भाला अपायकारक असतात. यास्तव, आधीपासून मानसिक आजाराची औषधे घेणाऱ्या स्त्रीने दिवस राहण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आपल्या मनाने औषध एकाएकी बंद करणे तितकेच धोक्याचे आहे. ‘रुग्णालयात नेले तर बाळ हिरावून घेतील’ ही भीती अनेक कुटुंबांना असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य देखभाल कायद्यानुसार तीन वर्षांखालील बालकाला उपचार घेणाऱ्या आईपासून सामान्यतः विलग करता येत नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत तर २००९ पासून आई व बाळ एकत्र राहून उपचार घेतात असा स्वतंत्र कक्ष आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध असून तेथे मराठीत व हिंदीतही बोलता येते. हा क्रमांक अंगणवाडीच्या भिंतीवर रंगवण्यास फारसा खर्च येत नाही.

शिक्षकांच्या ध्यानी एक गोष्ट इतर कोणाच्याही आधी येऊ शकते. तिसरी-चौथीतील मुलगी अकस्मात शाळेत येईनाशी झाली आणि चौकशीअंती ‘घरी बाळ सांभाळते’ असे कळले, तर पटावर खूण करून थांबू नये. आई कामावर गेली आहे की अंथरुणावर पडून आहे, हे विचारावे आणि दुसरे असल्यास आशा कार्यकर्तीला कळवावे.

ग्रामपंचायतीकडून अपेक्षा याहून साधी आहे. उपकेंद्रात तपासणीच्या दिवशी गर्दी असते. सासू शेजारी, नवरा दारात आणि चार ओळखीच्या बाया रांगेत. अशा वेळी ‘मन कसे आहे?’ या प्रश्नाचे उत्तर ‘बरे आहे’ हेच येणार. आडोसा करणारा एक पडदा, दोन खुर्च्या आणि शक्य तेथे एक छोटी खोली एवढ्याने हा अडथळा दूर होतो. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातील दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाची असते, आणि जिल्ह्यातील पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतून पाच टक्के अबंध निधीही थेट मिळतो. आगामी वर्षाचा आराखडा ग्रामसभेपुढे येईल तेव्हा त्यात या कामाचा अंतर्भाव करता येईल. ठराव मांडण्यासाठी ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीतील कोणाही एका सदस्याने पुढाकार घेतला तरी पुरे.